लाइन जाते, लाइन लागते

‘लाइन गेली’ हे दोन शब्द नुसते कानावर पडले तर काय झालंय ते सांगता येत नाही. कुठे पडले, ते आधी विचारावं लागतं. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात दिवेलागणीला पडले असतील तर वीज गेली. नाटकाच्या तालमीत पडले असतील तर नायकाचं वाक्य गेलं, आणि आता तो खिडकीबाहेर बघत दुःखी असल्याचा अभिनय करणार. कबड्डीच्या मैदानावर पडले असतील तर चढाई करणाऱ्याचा पाय रेषेबाहेर गेला, आणि पुढची दहा मिनिटं खेळ थांबवून नुसतं भांडण चालणार. कॉलेजच्या कट्ट्यावर पडले असतील तर जिच्यासाठी एका मुलाने दोन सेमिस्टर लायब्ररीत काढली, ती आत्ताच कोणाच्या तरी बुलेटवर मागे बसून गेली. कबड्डी सोडली तर तिन्ही ठिकाणी पुढचा प्रश्न एकच असतो : ‘आता कधी येणार?’

हा शब्द आपल्याकडे साहेबाबरोबर आला. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘लिनम’ या शब्दात आहे. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या झाडापासून निघालेल्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याची दोरी ती ‘लिनिआ’, म्हणजेच लाइन. युरोपने जवसापासून लाइन काढली, आपण चटणी केली. शब्दाच्या त्या पहिल्या अर्थाला आज महाराष्ट्रात इमानाने धरून आहे तो फक्त गवंडी. विटांचा थर सरळ यावा म्हणून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जी सुतळी ताणतो, तिला ‘लाइनदोरी’ म्हणतो. एकदा लॅटिनमध्ये दोरी, एकदा मराठीत दोरी. एवढी दुहेरी दोरी लावूनही भिंत कधीकधी वाकडी येते, तो भाग वेगळा. अस्तराला इंग्रजीत लायनिंग म्हणतात तेही याच लिननमुळे. आपल्याकडे मात्र ‘लायनिंगचा शर्ट’ म्हणजे रेघारेघांचा शर्ट, आणि त्याला अस्तर नसतं.

आपल्याकडे शब्दांची टंचाई होती, असं मुळीच नाही. वहीत रेघ होती, भूमितीत रेषा होती, कवितेत ओळ होती, शाळेत रांग होती, पंढरपुरात बारी होती, खांबावर तार होती, रानात वाट होती. सात जणींची कामं आपण एकटीवर टाकली आणि सातही जणींना घरी बसवलं. मग नव्या सुनेला रीतसर आपलंसं केलं. तिला स्त्रीलिंग दिलं. ‘लाइनीत’, ‘लाइनीला’, ‘लायनी’ असे विभक्ती-वचनांचे दागिने घातले. गावाकडे तर कायदेशीर, पद्धतशीर यांच्या पंगतीला ‘लाइनशीर’ नेऊन बसवला. पीटीचे सर पोरांवर ‘लाइनशीर हुबं ऱ्हावा!’ असं ओरडतात तेव्हा त्यात इंग्रजी कुठे होतं, हे शोधून काढावं लागतं.

साहेबाकडून आपण एक गोष्ट मात्र घेतली नाही. क्रियापद. लाइनीचं नेमकं काय होतं ते आपण आपल्याच क्रियापदांनी सांगतो, आणि खरी बातमी त्या क्रियापदातच असते.

आधी ‘जाणे’ घेऊ. लाइन जाते. पाऊस जातो, ताप जातो, तशी जाते. वाक्यात करणारा शोधायला गेलं तर सापडत नाही. ती कोणी घालवली, कोणाच्या हातून गेली, यातलं काही वाक्यात नसतं. राज्याच्या वीज मंडळाची २००५ साली वाटणी झाली आणि वीज तयार करणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर पोचवणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. एकाचे तीन ‘महा’ झाले, पण गावाने वाक्य बदललं नाही. लाइन आधी जात होती, नंतरही जात राहिली.

गावात लाइनी दोन : गावठाणाची आणि शेतीची. गावठाणाच्या लाइनीवर दिवे, टीव्ही आणि मोबाइल चालतात; शेतीच्या लाइनीवर विहिरीतली मोटार. ही शेतीची लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. म्हणून ‘तुमची लाइन दिवसाची का रातची?’ असं पारावर विचारतात, आणि त्याच्या उत्तरावर लग्नाची बैठक कधी घ्यायची ते ठरतं. रातची असेल तर घरातला कर्ता पुरुष घोंगडं, बॅटरी आणि बिबट्याची धास्ती घेऊन बांधावर बसतो. एवढं बसून लाइन येते तीही पुरती येईलच असं नाही. एखादी फेज मागे राहते, मग मोटार नुसती ‘हूं’ म्हणते आणि पाणी काही म्हणत नाही.

अशा गावात सगळ्यात मोठा माणूस म्हणजे लाइनमन. कंपनीने त्याला ‘जनमित्र’ असं मोठं गोड नाव दिलंय. त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नाही, पण घरोघरच्या मोबाइलमध्ये सरपंचाच्या आधी त्याचा नंबर असतो. तो खांबावर चढला की खाली सल्लागार मंडळ जमतं. ज्याला घरातला बल्ब बदलता येत नाही, तोही खालून ‘डावीकडची तार बघा’ म्हणतो. याच लाइनीवर काही जण आकडा टाकतात. आकडा म्हणजे संख्या नव्हे, तारेवर अडकवायचा हूक. बिलावर आकडा येऊ नये म्हणून तारेवर आकडा, असा तो सरळ हिशेब आहे.

मुंबईकर हे सगळं गावचं म्हणून ऐकतो, कारण त्याच्या लेखी लाइन म्हणजे रेल्वे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि तिच्याबरोबर लोकलही जागच्या जागी थांबल्या. आपली लाइन शेवटी गावच्याच लाइनीवर चालते, हे त्या दिवशी त्याला कळलं आणि दुसऱ्या दिवशी तो ते विसरला. मुंबईत म्हणे कोणी कोणाची जात विचारत नाही. विचारायची गरजच पडत नाही, लाइन विचारली की पुरतं. वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर, यावर पाहुणा वर्षातून किती वेळा येणार ते ठरतं. एक बहीण बोरिवलीला आणि दुसरी डोंबिवलीला दिली की दोघींमध्ये दादर येतं, आणि दादर ओलांडण्याएवढं प्रेम सख्ख्या नात्यातही दिवाळीतच उफाळून येतं. हार्बरवाल्याला दोघी ‘लांब राहतो बिचारा’ म्हणतात, मग तो चेंबूरला का राहीना. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला धावली ती याच हार्बर लाइनीवरून. हा इतिहास सांगूनही त्याचं बिचारेपण काही जात नाही.

दादर स्टेशनात तर कित्येक वर्षं दोन ‘एक नंबर’ होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. ‘मी एक नंबरवर उभी आहे’ म्हणणारी आणि ‘मीही एक नंबरवरच आहे’ म्हणणारा, दोघंही खरं बोलत असत आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या फलाटांना ८ ते १४ असे नंबर दिले, तेव्हा कुठे दादर लाइनीत आलं. मेट्रोला ते अजून जमलेलं नाही. लाइन १ सुरू झाली २०१४ साली. मग २०२२ साली २अ आणि ७ जोडीने आल्या. ३ नंबर धावू लागली २०२४ साली. जिचं नावच लाइन, तिला नंबराने येता येत नाही. मग तिकीट खिडकीपुढच्या माणसांना काय म्हणून बोलायचं?

तिथेच दुसरं क्रियापद उभं असतं : ‘लागणे’. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, दृष्ट लागते. तशीच लाइन लागते. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. खिडकीपुढे आधी घोळका असतो. घोळका हीच आपली मूळ स्थिती. मग वॉचमन येतो, ‘लाइन लावा, लाइन लावा!’ असं ओरडतो, आणि घोळक्याची लाइन होते. तो चहाला गेला की लाइनीचा पुन्हा घोळका होतो.

जिथे वॉचमन नसतो तिथे माणसाऐवजी वस्तू लाइनीत उभ्या राहतात. नळावर कळशा, रेशनच्या दुकानापुढे पिशव्या, कचेरीच्या आवारात चपला, आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांची वीट. माणसं कडेला सावलीत बसतात. या निर्जीव लाइनीत कधी धक्काबुक्की होत नाही, कोणी मध्ये घुसत नाही, कोणी ‘मी मघाशीच इथे होते’ म्हणत नाही. आपल्या चपला आपल्यापेक्षा लाइनशीर आहेत.

नववीच्या भूमितीत शिकवतात की रेषेला दोन्हीकडे शेवट नसतो, रेषाखंडाला दोन टोकं असतात, आणि किरणाला एका बाजूला आरंभबिंदू असतो पण दुसऱ्या बाजूला तो अमर्याद जातो. खिडकीपुढे लागतो तो किरण. आरंभबिंदूवर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी असते. भूमितीने आणखी एक सांगितलंय, की समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत. हे ज्याने लिहिलं तो एखाद्या मोठ्या देवस्थानात गेलेला नसावा. तिथे धर्मदर्शनाची लाइन आणि पासाची लाइन कठड्यापलीकडून समांतर सरकत असतात आणि गाभाऱ्याच्या तोंडाशी बरोबर मिळतात. तिसरी लाइन ओळखीची. तिला कठडा नसतो, पाटी नसते, आणि ती सगळ्यात भरभर सरकते.

पंढरपूरला मात्र जुना शब्द अजून उभा आहे. तिथे दर्शनाची बारी असते. आषाढीला ती गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, आणि तरीही तिच्यात कोणी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत नाही. बारी म्हणजे पाळी. उशिरा का होईना, आपली येणार, अशी हमी त्या शब्दातच आहे. लाइन अशी हमी देत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि बँकांपुढे लागल्या त्या लाइनीच. त्यांना बारी म्हणायचं कोणाला सुचलं नाही. आपली पाळी येईपर्यंत आतली रोकड राहील, अशी खात्री कोणालाच नव्हती.

तिसरं क्रियापद तरुणांचं : ‘मारणे’. गप्पा मारतात, थापा मारतात, चकरा मारतात, माशा मारतात. या क्रियापदाने सुरू केलेलं काम सहसा पदरात काही टाकत नाही. लाइन मारणं त्याच घराण्यातलं. व्याकरण असं, की मुलगा लाइन मारतो आणि मुलगी लाइन देते. आता ती ‘देते’ हे कोण सांगतं? मारणाराच सांगतो. तिने वाऱ्याने तोंडावर आलेले केस मागे सारलेले असतात, एवढाच काय तो पुरावा. नाटकातही लाइन देतात, पण ती विंगेतला प्रॉम्प्टर देतो, नटाला वाक्य आठवेना झालं की. दोन्हीकडे अनुभव सारखाच. लाइन मिळूनही नायक मख्खासारखा उभा राहतो.

‘लाइन क्लिअर आहे’ हे कट्ट्यावरचं वाक्य तर थेट स्टेशनमास्तरच्या केबिनमधून आलंय. पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्या स्टेशनातून गाडी सोडता येत नाही. एकेरी मार्गावर तर ही परवानगी लोखंडी गोळ्याच्या रूपात ड्रायव्हरच्या हातात पडायची. गोळा हातात नाही, तर गाडी हलायची नाही. एका वेळी एका सेक्शनात एकच गाडी, असा त्यामागचा साधा नियम. कट्ट्याचाही नियम हाच. फक्त तिथे लाइन क्लिअर देणारी असते मुलीच्या मैत्रिणीची मैत्रीण, आणि तिची माहिती गेल्या गॅदरिंगची असते. मग समोरून आधीच सुटलेली गाडी येते, तीही बहुधा थर्ड इयरची.

लग्नाच्या बाजारात ‘मारणे’ चालत नाही, तिथे ‘असणे’ लागतं. ‘मुलगा कोणत्या लाइनीत आहे?’ कम्प्युटर लाइनीत आहे म्हटलं की चहाबरोबर चिवडा येतो. मेडिकल लाइनीत आहे म्हटलं की लाडूची बशीही बाहेर येते. पण मेडिकल लाइनीत डॉक्टर असतो, औषधांच्या दुकानाचा मालक असतो, कंपनीचा एमआर असतो आणि हॉस्पिटलात केसपेपर काढणाराही असतो. म्हणून जाणत्या बायका बशी हातातच धरून पुढचा प्रश्न विचारतात. नाटक-सिनेमाच्या लाइनीत आहे म्हटलं तर नुसता चहा, तोही ‘साखर चालते ना?’ असं विचारून.

यथावकाश पोरगं लाइनला लागतं. पूर्वी ते मार्गी लागायचं. वाटेचा मात्र इथे भरवसा नाही. माणूस वाटेला लागला तर निघाला म्हणायचं, आणि माणसाची वाट लागली तर संपला म्हणायचं. एवढ्याशा ‘ला’ने माणसाचं काहीही होऊ शकतं. कदाचित म्हणूनच आईबापांनी वाट सोडून लाइन धरली असेल. पण लाइनला लागण्यासाठी आधी कुठल्या तरी लाइनीत उभं राहावं लागतं, भरतीच्या नाहीतर मुलाखतीच्या, आणि तिथे पुन्हा तेच क्रियापद गाठतं.

टेलिफोनच्या काळात लाइन मिळत नसे. ट्रंक कॉल लावायचा तर ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. जितकी घाई, तितका दर. पैसे मोजून लाइटनिंग बुक केला तरी वीज चमकावी तसा आवाज क्षणभर येई आणि ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ यातच मिनिटं संपत. आता मोबाइलला तारच नाही, तरी पलीकडून ‘लाइनवर राहा’ म्हणतातच. आपण राहतो. पलीकडे सनई वाजते. अधूनमधून एक बाई आपला कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते सांगते, आणि तो न घेण्याइतका महत्त्वाचा असतो.

तार गेली, खांब गेले, तेव्हा वाटलं होतं की लाइनही जाईल. ती ‘ऑनलाइन’ होऊन परत आली. सातबारा ऑनलाइन झाला, पीक पाहणी ऑनलाइन झाली, दाखल्याचे अर्ज ऑनलाइन झाले. इथे क्रियापद आहे ‘करून घेणे’. ‘आज ते ऑनलाइन करून घ्या’ असं घरात सांगितलं जातं. मग माणूस कागदांची पिशवी घेऊन ऑनलाइनच्या केंद्रावर जातो, आणि तिथे लाइन असते. पुढे पंधरा जण असताना आतून आवाज येतो, ‘सर्व्हर गेला.’ कोणी दचकत नाही. जाणाऱ्या गोष्टींची सवय गावाने विजेपासूनच लावून घेतलेली असते. ‘कधी येणार?’ एवढंच सगळे विचारतात.

सरकार लाइन न म्हणता आग्रहाने रेषा म्हणतं ती दारिद्र्यरेषा. बाकी सगळ्या लाइनीत माणूस पुढे जायला धडपडतो, या एकीच्या मात्र खाली जायला. १९९९ पासून रेशनकार्डं तीन रंगांची झाली, पिवळं, केशरी आणि पांढरं. वशिला लावावा लागतो तो पिवळ्यासाठी. कागदोपत्री रेषेखाली आणि अंगणात ट्रॅक्टर, असा माणूस बहुतेक गावांना ठाऊक असतो. जो खरोखरच रेषेखाली आहे त्याला ते सिद्ध करायला एक दिवसाची मजुरी बुडवून लाइनीत उभं राहावं लागतं.

आणि डेडलाइन. १८६४ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. तिच्या कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. त्या हद्दीचं नाव डेडलाइन. या शब्दालाही आपण आपलं क्रियापद दिलं आणि त्यातला जीवघेणेपणा पार काढून टाकला. आपल्याकडे डेडलाइन वाढते. शेवटच्या दिवशी सगळे मिळून तिच्यावर चालून जातात, सर्व्हर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच बिचारी पंधरा दिवस मागे सरकते.

या सगळ्या लाइनी एका जागी बघायच्या असतील तर दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर एखाद्या तहसील कचेरीच्या आवारात जावं. निकाल लागतो तशी लाइन लागते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आणि या सगळ्यांच्या प्रती काढायला फाटकाबाहेर झेरॉक्स. ‘शेवटचे कोण?’ असं विचारून माणूस त्याच्या मागे उभा राहतो, आणि पाच मिनिटांत त्याच्याही मागे विचारणारे येतात. खिडकी जेवायला जाते. मग डबे उघडतात, भाकरीवर जवसाची चटणी येते, आणि बायकांचं बोलणं निघतं.

‘तुमचा थोरला कोणत्या लाइनीत आहे हो?’

‘तो काय, उत्पन्नाच्या. धाकट्याला रहिवासाच्या उभा केलाय. ही माझी नॉन-क्रीमीलेअरची. ह्यांना झेरॉक्सला लावलंय.’

‘तसं नाही हो. म्हणजे करतो काय तो?’

‘तेच तर सांगतेय. बी.ए. झाल्यापासून हेच करतो.’